दिवाणी दाव्यांच्या सुधारणेचा खर्च कुणाच्या खिशातून? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

सोसायट्यांच्या कमिट्या, सिडकोला जमीन गेलेली कुटुंबं आणि वडिलांनी टाकलेला दावा वारशात मिळालेली मुलं, या तिघांकडून तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात. ते इथे एका जागी आणले आहेत. तुमच्या स्वतःच्या दाव्याचं काय करायचं, हे मात्र तुमच्या वकिलालाच विचारा.

१. दिवाणी प्रक्रियेतली ‘सुधारणा’ म्हणजे नेमकं काय बदललं?

दिवाणी दावा कसा चालवायचा हे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता ठरवते. समन्स कसं बजावायचं, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) किती दिवसांत द्यायची, मुद्दे कधी काढायचे, तहकुबी किती वेळा, हुकूमनाम्याची अंमलबजावणी कशी, हे सगळं तिच्यात आहे. अलीकडचा मोठा बदल १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्यांनी झाला. दोन्ही १ जुलै २००२ पासून लागू झाल्या. पुढे २०१५ चा व्यावसायिक न्यायालये कायदा आला, २०२३ चा मध्यस्थी कायदा आला, आणि या सगळ्याच्या जोडीला ई-कोर्ट प्रकल्प चालू राहिला.

२. नियमच तर बदलायचे. राजपत्र छापण्यापलीकडे त्याला खर्च कसला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ‘कैफियत तीस दिवसांत द्या’ असं लिहायला सरकारला काही लागत नाही. पण तिसाव्या दिवशी ती फाइल कुणीतरी उघडायला हवी, एकतिसाव्या दिवशी कुणीतरी हुकूम करायला हवा, आणि मुळात तीस दिवस मोजायला सुरुवात होण्यासाठी समन्स बजावलं जायला हवं.

समन्सचंच बघा. समन्स पोचवणारा न्यायालयाचा बेलिफ घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरच्या गेटवर पोचतो. वॉचमन इंटरकॉमवरून वर विचारतो, वरून उत्तर येतं, “घरी नाहीत म्हणून सांग.” बेलिफ रिपोर्ट लिहितो, फाइलला पुढची तारीख पडते. त्या दिवशी त्याच्या पिशवीत आणखी बरीच समन्सं असतात, घोडबंदरपासून शिळफाट्यापर्यंतची. २००२ च्या दुरुस्तीने कुरिअर, फॅक्स आणि ईमेलनेही समन्स पाठवायला वाट दिली. बेलिफांची संख्या काही त्या कायद्याने वाढली नाही.

या दुरुस्त्यांना आव्हान मिळालं ते सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात. २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यायिक परिणाम मूल्यमापना’ची कल्पना उचलून धरली: नवा कायदा आणताना त्यामुळे न्यायालयांवर किती काम वाढेल आणि त्याला किती पैसा लागेल, याचा अंदाज विधेयकाच्या वित्तीय ज्ञापनातच (सोबतच्या खर्चाच्या टिपणातच) द्यावा. त्यासाठी न्या. जगन्नाध राव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिदलाने २००८ मध्ये अहवालही दिला. ती पद्धत आजही रुळलेली नाही. विधेयक मांडलं जातं, ज्ञापनात न्यायालयाच्या बोजाबद्दल एखादं मोघम वाक्य असतं, आणि बिल येतं ते राज्याच्या नावावर.

३. राज्याच्या नावावर का? कायदा तर संसदेने केला.

दिवाणी प्रक्रिया आणि न्यायदान, दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यांवर कायदा करता येतो. त्यामुळे नियम दिल्लीत बदलू शकतात. पण ठाण्याच्या न्यायाधीशाचा पगार, शिरस्तेदार, नाझर, स्टेनो, बेलिफ, विजेचं बिल, हे सगळं महाराष्ट्राच्या तिजोरीतून जातं. केंद्राची न्यायालयीन इमारतींसाठीची योजना १९९३-९४ पासून आहे. सध्या आपल्यासारख्या राज्यांसाठी वाटा ६०:४०. २०२१ ते २०२६ या काळासाठी तिला एकूण ९,००० कोटी मंजूर झाले, त्यात केंद्राचे ५,३०७ कोटी. हा पैसा इमारती, निवासस्थानं, वकिलांची दालनं, स्वच्छतागृहं यांसाठी आहे. पगारासाठी नाही. इमारत एकदाच बांधली जाते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो, त्यामुळे खरं ओझं कुणावर राहतं ते उघड आहे.

४. आम्ही कोर्ट फी भरतो की! त्यातून न्यायालयं चालत नाहीत का?

नाही, आणि तशी ती चालावीत अशी अपेक्षाही नाही. न्यायालयीन फी राज्याच्या हिशेबात ‘मुद्रांक व नोंदणी शुल्क’ (मुख्य शीर्ष ००३०) इथे जमा होते. न्यायालयांचा खर्च ‘न्यायदान’ (मुख्य शीर्ष २०१४) इथे पडतो. या दोन ओळी अर्थसंकल्पात एकमेकींना कधी भेटत नाहीत. तुम्ही ठाण्यात भरलेली फी ठाण्याच्या न्यायालयासाठी राखून ठेवली जाते, हा निव्वळ गैरसमज.

जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर नेली. तेव्हा अनेकांना वाटलं, आता सोयी वाढतील. फी आणि सोय यांचा ढोबळ तरी मेळ असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच कर्नाटक आणि राजस्थानच्या फीबद्दलच्या खटल्यांत म्हटलं आहे. विधी आयोगाने तर १९५८ च्या चौदाव्या अहवालात, न्याय हे सरकारच्या कमाईचं साधन होऊ नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. माझं मत विचाराल तर फी वाढवणं ही सुधारणा नव्हेच; दारावरचं तिकीट महाग केलं, एवढंच.

५. ठाण्यात एक नवं दिवाणी न्यायालय सुरू करायचं तर काय काय लागतं?

आधी पद निर्माण करावं लागतं, त्याला विधी व न्याय विभागाची आणि वित्त विभागाची मान्यता लागते. मग लोकसेवा आयोगाची परीक्षा, उच्च न्यायालयाचा सहभाग, प्रशिक्षण. कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतन दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानुसार ७७,८४० रुपये आहे, भत्ते वेगळे. त्यांच्यामागे बेंच क्लार्क, स्टेनो, कनिष्ठ लिपिक, शिपाई, बेलिफ. इमारत बांधायची सार्वजनिक बांधकाम विभागाने. आणि जागा! ठाण्यात जमिनीचा भाव माहीत असणाऱ्याला यापुढे सांगायला नको. मिरा-भाईंदरकरांना कित्येक वर्षांच्या मागणीनंतर २०२५ मध्ये स्वतःचं न्यायालय मिळालं. तोवर साध्या तारखेलाही ठाणं गाठावं लागायचं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे ‘दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर’ आणि ‘प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी’ ही बरेचदा एकच व्यक्ती असते. चेक न वटल्याचे खटले १९८९ पासून फौजदारी झाले आणि ते याच खुर्चीपुढे येतात. रिमांड थांबवता येत नाही, आरोपी कोठडीत असतो. वाट बघायची पाळी तुमच्या दाव्यावर येते.

विधी आयोगाने १९८७ मध्ये मोजलं तेव्हा देशात दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश होते, आणि शिफारस पन्नासची होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पन्नासचाच आकडा धरला. आज मंजूर पदांच्या हिशेबाने आपण एकवीसच्या आसपास आहोत, आणि मंजूर पद म्हणजे भरलेलं पद असं नसतं.

६. कोट्यवधी मंजूर झाल्याच्या बातम्या येतात, मग फरक का दिसत नाही?

कारण मंजूर झालेला पैसा खर्चच होत नाही. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या पाच वर्षांसाठी न्यायव्यवस्थेला ५,००० कोटी देऊ केले. त्यातले निम्मे, म्हणजे २,५०० कोटी, सकाळ-संध्याकाळच्या जादा न्यायालयांसाठी होते. देशभरात एकूण रकमेतले निम्मेही खर्ची पडले नाहीत. दिवसभर काम केलेल्या लिपिकाने संध्याकाळी पुन्हा बसायचं, वकिलांनी सहानंतर उलटतपास घ्यायचा, पक्षकाराने रात्री डोंबिवलीची गर्दीची लोकल पकडायची. कागदावरची ही कल्पना कोर्ट नाक्यावर एक आठवडा काढलेल्या माणसाने सुचवली नसती.

७. ई-कोर्टवर एवढा खर्च झाला. त्यात माझं काय वाचलं?

पहिल्या टप्प्यात सुमारे ६३९ कोटी, दुसऱ्यासाठी १,६७० कोटी, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी चार वर्षांना ७,२१० कोटी. या शेवटच्या रकमेतले २,०३८ कोटींहून जास्त फक्त जुन्या आणि नव्या कागदपत्रांच्या स्कॅनिंगसाठी आहेत.

वाचतं ते खरं आहे. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि रोजनामा (त्या-त्या तारखेला काय झालं याची नोंद) मोबाइलवर दिसतो. फक्त तारीख कळण्यासाठी वाशीहून अर्धा दिवस रजा काढून येणं आता लागत नाही. पण काही खर्च नुसते हलले आहेत. पूर्वी न्यायालयाचा लिपिक जे काम करायचा, ते आता वकिलाचा ज्युनिअर किंवा बाहेरचा झेरॉक्सवाला करतो: पानं स्कॅन करा, फाइलचा आकार कमी करा, अपलोड करा. त्याचे पैसे पक्षकार देतो आणि ते कुठल्याच सरकारी आकड्यात दिसत नाहीत. न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रात हे काम करून मिळतं. आधी तिथे विचारा, मग दुकानात जा.

८. कैफियतीला ३० दिवस, तहकुब्या तीनच, असं कायद्यात आहे म्हणता. मग आमच्या दाव्यात पाच वर्षं गेली ती कशी?

संहितेत ३० दिवस आहेत, कारण देऊन ९० पर्यंत मुदत वाढते. पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं की ही मर्यादा साध्या दाव्यात मार्गदर्शक आहे. ठोस कारण असेल तर नव्वदनंतरही कैफियत घेता येते. व्यावसायिक दाव्यात तसं नाही. तिथे १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच संपतो. हे २०१९ मध्ये पक्कं झालं.

तीन तहकुब्यांचंही तेच. रोजनाम्यात ओळ असते: ‘प्रतिवादीतर्फे तहकुबीचा अर्ज. खर्च देण्याच्या अटीवर मंजूर.’ खर्च दोनशे-पाचशे रुपये. ज्याला दावा लांबल्याने दरमहा फायदा होतोय, त्याला ही रक्कम चहापाण्यासारखी. आणि न्यायाधीशांनी अर्ज नाकारायचं ठरवलं तरी त्या दिवशीच्या बोर्डवर (कामाच्या यादीत) इतकी प्रकरणं असतात की उलटतपासाला वेळ कुठून काढणार? घोडबंदर रोडवर गाड्या वाढत असताना सिग्नलचा वेळ तेवढा कमी करावा, तसं हे झालं. मनुष्यबळाचा भाग प्रश्न ५ मध्ये आहे.

९. सुधारणा महाग आहे, मग आहे तसंच चालू दिलं तर सरकारचे पैसे वाचतील ना?

नवी मुंबईत याचं उत्तर सातबाऱ्यासकट मिळतं. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी संपादित झाली. मोबदला कमी वाटला त्यांनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली दिवाणी न्यायालयात संदर्भ अर्ज केले, आणि त्यातले कित्येक वर्षानुवर्षं चालले.

न्यायालयाने मोबदला वाढवला तर वाढीव रकमेवर कलम २८ खाली व्याज द्यावं लागतं: ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, नंतर दर वर्षी १५ टक्के. समजण्यापुरता आकडा घेऊ. वाढीव रक्कम १० लाख, निकाल विसाव्या वर्षाअखेर. पहिल्या वर्षाचं व्याज ९० हजार. पुढच्या एकोणीस वर्षांचं, दरवर्षी दीड लाख धरून, साडेअठ्ठावीस लाख. म्हणजे १० लाखांवर २९ लाख ४० हजार नुसतं व्याज. निकाल तिसऱ्या वर्षाअखेर लागला असता तर व्याज ३ लाख ९० हजार झालं असतं. मधला फरक साडेपंचवीस लाखांचा, एका अर्जात. सक्तीच्या संपादनाबद्दलच्या ३० टक्के जादा रकमेवरही हे व्याज मिळतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरवलं.

इतकंच नाही. कलम २८-अ प्रमाणे, ज्यांनी स्वतः अर्ज केला नव्हता पण ज्यांची जमीन त्याच अधिसूचनेत गेली, तेही शेजाऱ्याच्या निकालानंतर तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाढ मागू शकत होते. २०१३ च्या नव्या कायद्यातही व्याजाचे दर तेच आहेत.

हे पैसे जातात सार्वजनिक तिजोरीतूनच, पण अर्थसंकल्पात ‘दिरंगाईचा खर्च’ असं शीर्ष नाही. ते भूसंपादनाच्या खर्चात मिसळून जातात. न्यायाधीशाचं पद मागितलं की वित्त विभाग शंभर प्रश्न विचारतो. वीस वर्षांचं व्याज मात्र एकही प्रश्न न विचारता मंजूर करावं लागतं. शेतकऱ्याला हे व्याज मिळतं म्हणून तो सुखी झाला असंही समजू नका. बहुतेक घरांत ते घ्यायला अर्ज करणारा माणूस उरलेला नसतो.

१०. एक पैसा खर्च न करता झालेली सुधारणा दाखवाल का?

दाखवतो, आणि ती आपल्याच राज्यातली आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये संहितेत स्वतःचं कलम ९-अ घातलं. मनाई हुकुमाच्या अर्जावर प्रतिवादीने ‘या न्यायालयाला अधिकारच नाही’ अशी हरकत घेतली, की तो मुद्दा आधी ठरवायचा. हेतू चांगला होता; सरकारला द्यावी लागणारी नोटीस आधी न देता सरकारविरुद्ध दावा टाकून हंगामी हुकूम घेण्याची चाल बंद करायची होती. पण पुढे हेच प्रतिवादीचं आवडतं हत्यार झालं. एकाच दाव्यात आधी अधिकारक्षेत्राचा पुरावा, त्यावर वरपर्यंत लढाई, आणि मग मूळ वाद. २०१८ मध्ये राज्याने हे कलम रद्द केलं. इमारत लागली नाही, पद लागलं नाही. अशी आणखी कलमं शोधून काढण्यासाठी समिती नेमली तर तिच्या चहाचा खर्च मी देईन.

११. लोकअदालत आणि मध्यस्थी स्वस्त म्हणतात. कुणासाठी?

लोकअदालतीत दोघांसाठी आणि सरकारसाठीही. तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे वरच्या न्यायालयाचाही वेळ वाचतो. अट एकच: तडजोड खरी हवी. नुसती संख्या दाखवायला बोर्डवर घातलेली प्रकरणं परत येतात.

व्यावसायिक दाव्यांचं वेगळं आहे. ३ लाख किंवा जास्त मूल्याचा व्यावसायिक वाद असेल आणि तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. मध्यस्थाचं शुल्क दोन्ही पक्षांनी निम्मं-निम्मं द्यायचं: ३ ते १० लाखांच्या वादाला १५ हजार, १० ते ५० लाखांना ३० हजार, पुढे चढत ७५ हजारांपर्यंत. सरकारचा खर्च वाचला, व्यापाऱ्याचा थोडा वाढला. समोरचा बोलायला तयार असेल तर हा सौदा फायद्याचाच.

१२. मानीव अभिहस्तांतरण न्यायालयाबाहेर नेलं, ती सुधारणाच ना?

अर्धी. २००८ च्या दुरुस्तीमुळे विकासक कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणारा दस्त, म्हणजेच अभिहस्तांतरण) देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे जाऊ शकते. दिवाणी दाव्यापेक्षा हे कितीतरी जलद आहे, आणि सोसायटीने हा मार्ग सोडू नये. पण मालकीचा खरा वाद असेल तर उपनिबंधकांचा हुकूम शेवटचा शब्द ठरत नाही. विकासक किंवा जमीनमालक दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो आणि हुकुमाविरुद्ध उच्च न्यायालयात रिटही होते.

१३. मी खारघरला राहतो. नवी मुंबई म्हणून बेलापूरला दावा टाकू का?

नाही. स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जिथे आहे तिथल्या न्यायालयात. वाशी, नेरुळ, ऐरोली, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे रायगड जिल्ह्यात, म्हणजे तुम्हाला पनवेल. शहर सिडकोने एक म्हणून वसवलं, न्यायालयांचा नकाशा महसुली जिल्ह्याप्रमाणेच राहिला. चुकीच्या ठिकाणी दावा गेला तर तो परत मिळतो, पण गेलेला वेळ मिळत नाही.

१४. हरणाऱ्याकडून सगळा खर्च वसूल केला तर खोटे दावे आपोआप कमी होतील ना?

बरेच होतील. पण खोट्या आणि त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई देणाऱ्या कलम ३५-अ ची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे, आणि ती १९७६ पासूनची. आज ठाण्यात तीन हजारांत एका तारखेचा वकीलही मिळत नाही. व्यावसायिक दाव्यांसाठी ही मर्यादा काढून टाकली आहे. साध्या दाव्यांसाठी ती का ठेवली, याचं पटणारं उत्तर मला सापडलेलं नाही. मात्र वसुली कडक केली तर भाडेकरू किंवा विधवा सून खरा दावा टाकायलाही घाबरेल. म्हणून ती फी माफीबरोबरच (प्रश्न १५) विचारात घ्यायला हवी.

१५. ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांचा खर्च कोण उचलतं?

विधी सेवा प्राधिकरण. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी राज्यात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. शिवाय राज्याने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ केली. ‘मालमत्तेचा वाद’ कुठवर धरायचा यावर वाद झाले आहेत, तेव्हा दावा टाकण्याआधी वकिलाला विचारून घ्या.

१६. दावा जिंकलो, हुकूमनामा हातात आहे, तरी घराचा ताबा नाही. ही सुधारणा कुठे अडली?

दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी करायच्या अर्जात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. दरखास्त म्हणजे तीच पायरी दुसऱ्यांदा चढणं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. २०२५ मध्ये आकडे मागवले तर देशात सुमारे ८.८ लाख दरखास्ती पडून होत्या, आणि सर्वांत जास्त महाराष्ट्रात. इथे नव्या कायद्याची गरज फारशी नाही. ताबा घ्यायला बेलिफ लागतो, बेलिफाला पोलीस बंदोबस्त लागतो, बंदोबस्ताचे पैसे हुकूमनामा मिळवणाऱ्याने आधी भरायचे असतात, आणि त्या दिवशी पोलीस गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या ड्यूटीवर असतात. प्रक्रियेच्या सुधारणेचा सगळा जोर निकाल लवकर लागण्यावर गेला; निकालानंतरच्या माणसांवर कुणी पैसा घातला नाही.

१७. आमच्या न्यायालयावर किती खर्च होतो, हे मी स्वतः कसं तपासू?

प्रलंबित दावे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर जिल्ह्यानुसार दिसतात, किती जुने तेही. राज्याचा खर्च विधी व न्याय विभागाच्या अर्थसंकल्पीय पुस्तिकांत मुख्य शीर्ष २०१४ खाली मिळेल. जिल्ह्याची फोड हवी तर माहिती अधिकार. दाव्यातल्या कागदांच्या नकला मात्र माहिती अधिकारात मागू नका; त्यासाठी न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नक्कल अर्जच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं आहे.

अर्जात लांबलचक काही लिहू नका. तीन गोष्टी विचारा: जिल्ह्यात दिवाणी न्यायाधीशांची मंजूर पदं किती आणि रिकामी किती, बेलिफांची मंजूर पदं किती आणि रिकामी किती, आणि मागच्या तीन वर्षांत भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यावर दिलेलं व्याज किती. पहिले दोन प्रश्न जिल्हा न्यायालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे, तिसरा विशेष भूसंपादन अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे, वेगळ्या अर्जाने.